दुखण्यातून उठल्यानंतर: बदललेला दिनक्रम समजून घेताना

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "आता बरे आहात ना?" या प्रश्नाला होकार दिला तर ते पुरते खरे नसते आणि नकार दिला तर तेही खरे नसते. तपासण्यांचे अहवाल समाधानकारक आलेले असतात, टाके सुकलेले असतात, डॉक्टरांनी पुढची भेट तीन महिन्यांनंतरची दिलेली असते. आणि तरीही सकाळी आंघोळ करून कपडे घालेपर्यंत त्या माणसाला पुन्हा अंथरुणावर टेकावेसे वाटते. आजार मागे पडला आहे, पण आजारापूर्वीचा दिवस परत आलेला नाही, अशी ही मधली अवस्था असते. या अवस्थेत शरीराचे आणि मनाचे नेमके काय चाललेले असते, आणि रोजचे जगणे तिच्यात कसे बसवता येते, हे समजून घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

दोन याद्यांमधले अंतर

रुग्ण कितपत स्वावलंबी झाला आहे हे ठरवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्यांपैकी एक म्हणजे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक. त्यात दहा बाबी असतात: जेवणे, आंघोळ, केस विंचरण्यासारखी स्वतःची निगा, कपडे घालणे, शौचावरचे नियंत्रण, लघवीवरचे नियंत्रण, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीवर जाणे, चालणे आणि जिना चढणे. यांतले सगळे जमले की शंभरपैकी शंभर गुण मिळतात. त्यानंतर चार वर्षांनी, १९६९ मध्ये, लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांनी दुसरी यादी मांडली. तिच्यात फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार सांभाळणे अशी आठ कामे आहेत.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की घोळ कुठे होतो ते लक्षात येते. पहिल्या यादीत पूर्ण गुण मिळवणारा माणूस दुसऱ्या यादीत जागोजागी अडखळू शकतो, कारण दुसऱ्या यादीतल्या कामांना हातापायांच्या बळाबरोबर आखणी, स्मरण, क्रम आणि सलग लक्ष लागते. नातेवाइकांना मात्र माणूस चालताना, जेवताना, जिना चढताना दिसतो, आणि त्यावरून ते निष्कर्ष काढतात. शिवाय कोणत्याच छापील यादीत नसलेली एक तिसरी यादी असते: चार माणसांच्या गप्पांत भाग घेणे, तासभर सलग वाचणे, मुलाच्या रडण्याने न चिडणे, अचानक ठरलेल्या कार्यक्रमाला होकार देणे. माझ्या मते बहुतेकांना खरी उणीव जाणवते ती या तिसऱ्या यादीत, आणि तिच्याविषयी बोलायला नेमके शब्द नसल्यामुळे ती "काहीतरी बरे वाटत नाही" एवढ्याच वाक्यात गुंडाळली जाते.

फिट्झह्यू मुलन या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःला कर्करोग झाला होता. त्यांनी १९८५ मध्ये आजारातून वाचलेल्या माणसाच्या वाटचालीचे तीन टप्पे मांडले. पहिला टप्पा निदानाचा आणि उपचारांचा. दुसरा, उपचार संपल्यानंतरचा लांबलेला टप्पा, ज्यात आजार पुन्हा उलटण्याची भीती सोबत असते आणि शरीराच्या मर्यादांशी गाठ रुग्णालयात न पडता घरी आणि कामाच्या ठिकाणी पडते. तिसरा टप्पा बऱ्यापैकी स्थिरावल्याचा. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याचे तंत्र वैद्यकाने कमावले, पण काठावर आणून ठेवलेल्या माणसाला खोकत बसू दिले, अशा आशयाची तक्रार त्यांनी केली होती. तेव्हापासून पुनर्वसनाच्या सोयी वाढल्या आहेत, तरी दुसऱ्या टप्प्यात माणूस एकटा पडतो ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. पहिल्या टप्प्यात दिवसाचे वेळापत्रक इतरांनी आखलेले असते. दुसऱ्यात ते एकाएकी आपल्या हाती येते आणि त्याचे काय करायचे हे कोणी सांगितलेले नसते.

थकवा म्हणजे आळस का नव्हे

अंथरुणाला खिळण्याची किंमत किती मोठी असते, याचा सर्वांत बोलका पुरावा आजारी माणसांकडून आलेला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून दमश्वास मोजला जातो. त्या पाच जणांची ही क्षमता तीन आठवड्यांत एक चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढे तीस वर्षांनी, ते पन्नाशीला आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले गेले. तेव्हा दिसून आले की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जेवढी कमी झाली होती, त्यापेक्षा अधिक ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या निजून राहण्याने कमी झाली होती. आणि हे सगळे शरीरात कोणताही रोग नसताना.

उतारवयात हा फटका अधिक बसतो. निरोगी ज्येष्ठांनी दहा दिवस अंथरुणावर काढले तर पायांच्या स्नायूंमधून जवळपास एक किलो वस्तुमान जाते, असे एका अभ्यासात आढळले आहे. अतिदक्षता विभागात तर हे नुकसान आणखी वेगाने होते, कारण तेथे हालचालीच्या अभावाबरोबर जंतुसंसर्ग आणि शरीरभर उठलेला दाह स्नायूंतील प्रथिने मोडत असतो. गंभीर आजारी रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजला असता, पहिल्या दहा दिवसांत त्याचे छेदक्षेत्र, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना हाच स्नायू शरीर उचलतो. घरी आल्यावर खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा लागतो, त्याचे कारण एवढे साधे आहे. निजून राहिल्याने रक्ताचे आकारमानही घटते आणि उभे राहिल्यावर रक्तदाब सावरण्याची सवय सुटते. त्यामुळे चटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

यावर आजाराचा स्वतःचा थकवा येऊन बसतो, आणि तो श्रमाच्या थकव्याहून वेगळ्या जातीचा असतो. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्रीच्या झोपेने उभारी येते. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा किंवा पक्षाघातानंतरचा थकवा झोप पुरती झाली तरी तसाच राहू शकतो, आणि केलेल्या कामाच्या प्रमाणात येईलच असेही नसते. एखादे पत्र वाचून समजून घेण्यानेही अंगातले त्राण जावे, हे ज्याने अनुभवले नाही त्याला पटवून देणे कठीण असते. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, ही म्हण म्हणूनच केवळ धीर देण्यापुरती नाही. वेगाचे तिने केलेले वर्णन शरीरशास्त्राला धरून आहे.

मात्र प्रत्येक थकवा "दुखण्यानंतर असे होतेच" म्हणून सोडून द्यावा असेही नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे बिघाड, झोपेत श्वास अडखळणे, काही औषधांचा परिणाम आणि नैराश्य ही थकव्याची अशी कारणे आहेत की ती सापडली तर त्यांवर इलाज होतो. थकवा आठवड्यागणिक कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा त्याच्यासोबत छातीत दुखणे, नव्याने दम लागणे, ताप, पायांवर सूज किंवा वजनात अकारण घट दिसत असेल, तर दिनक्रमाची आखणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठले पाहिजे.

शक्तीचा जमाखर्च

सावरण्याच्या काळातील सर्वांत सामान्य चूक आळसाची नसून उत्साहाची असते. एखादा दिवस बरा उगवतो. माणसाला वाटते, आज जमते आहे तर साचलेली सगळी कामे उरकून घ्यावीत. कपाट आवरले जाते, चार फोन होतात, पाहुण्यांशी गप्पा रंगतात, आणि त्याची वसुली पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात होते. त्या पडून राहण्याने स्नायूंची ताकद थोडी आणखी उतरते, म्हणून पुढच्या बऱ्या दिवशी हाती असलेली शक्ती आधीपेक्षा कमी असते. पण साचलेल्या कामांमुळे उरक मात्र तेवढाच लागतो. उसळी आणि कोसळणे यांचे हे चक्र काही महिने चालले तर माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा उडतो, कारण कोणत्या श्रमाने कोणता दिवस बिघडेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग ऐकायला नीरस आहे. प्रथम आठ-दहा दिवस काहीही न बदलता फक्त नोंद ठेवायची: किती वाजता काय केले, किती वेळ केले, त्यानंतर आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले. या नोंदींतून असे एक प्रमाण सापडते, जे वाईट दिवशीही पेलते आणि ज्याने दुसरा दिवस बिघडत नाही. कोणासाठी ते वीस मिनिटे चालणे असेल, कोणासाठी चार मिनिटे. हेच आपले सध्याचे मूळ प्रमाण. पुढचे काही दिवस बऱ्या दिवशी त्याहून अधिक करायचे नाही आणि वाईट दिवशी, शक्य तोवर, त्याहून कमी करायचे नाही. यातला अवघड भाग अर्थातच पहिला आहे. बरे वाटत असताना थांबणे हे बरे वाटत नसताना चालण्यापेक्षा कठीण जाते. प्रमाण पेलू लागले की ते थोडे थोडे वाढवायचे, आणि विश्रांती थकून पडल्यावर न घेता आधीच ठरलेल्या वेळी घ्यायची.

श्रम झेपत आहेत की नाहीत, हे ओळखायला दोन सोप्या कसोट्या आहेत. चालताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे, ही पहिली. दुसरी स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची: आपल्याला श्रम किती जाणवतात याला ६ ते २० यांमधला आकडा द्यायचा, ज्यात ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे कमाल. हृदयविकारानंतरच्या व्यायामात साधारणपणे ११ ते १३ या पट्ट्यात, म्हणजे 'हलके' ते 'जरा कष्टाचे' एवढ्यावर राहायला सांगितले जाते. नाडीचे ठोके मंदावणारी औषधे चालू असतील तर नाडीवरून श्रमांचा अंदाज चुकतो, आणि तेव्हा ही जाणिवेची मोजणी विशेष उपयोगी पडते. व्यक्तिगत मर्यादा मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावी.

येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही विषाणुजन्य आजारांनंतर असा थकवा मागे राहतो की थोड्याशा श्रमानंतर, अनेकदा एक-दोन दिवसांच्या अंतराने, सर्वच लक्षणे उफाळून येतात आणि ती दिवसेंदिवस टिकतात. अशा रुग्णांना ठराविक दराने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या या विकाराबाबत ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेतला. आपला थकवा या प्रकारचा आहे अशी शंका असेल तर "रोज थोडे जास्त" हा नियम स्वतःला लावू नये. आपल्या नोंदवहीत कष्ट आणि कोसळणे यांच्यात एक दिवसाचे अंतर वारंवार दिसत असेल, तर ती वहीच डॉक्टरांना दाखवावी.

घरातल्या घरात शक्ती वाचवण्याचे मार्ग ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, शिकवतात, आणि ते समजायला अवघड नाहीत. उभ्याने करण्याचे काम बसून केले तर खर्च कमी होतो. खांद्यांच्या वर हात नेऊन करायची कामे फार दमवतात, म्हणून रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवायच्या. आंघोळ करताना स्टुलावर बसायचे आणि अंग पुसण्याऐवजी टॉवेलसारख्या कापडाचा झगा अंगात घालायचा. जड आणि हलकी कामे आठवडाभर पसरून टाकायची. ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ती अशी की बौद्धिक आणि भावनिक कामांचाही खर्च याच खात्यातून होतो. विम्याचे अर्ज भरणे, अवघड फोन करणे, भेटायला आलेल्यांसमोर हसतमुख बसणे, ही कामे हिशेबात धरली नाहीत तर जमाखर्च कधीच जुळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा आपल्याकडे पैशांबाबत दिला जाणारा सल्ला या खात्याला अधिक शब्दशः लागू पडतो.

कमी निवडणे, जपून करणे, वेगळ्या वाटेने जाणे

क्षमता घटली की कामेही घटवावी लागतात, पण कोणती, हा प्रश्न उरतो. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी वाढत्या वयाच्या अभ्यासातून १९९० मध्ये एक मांडणी केली, जी आजारानंतरच्या जीवनालाही चपखल बसते. तिचे तीन भाग आहेत: निवड, निवडलेल्या गोष्टींत अधिक कस लावणे, आणि उणिवेची भरपाई. उदाहरण म्हणून पॉल बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला देत. ऐंशीच्या घरातही उत्तम वादन कसे जमते, या प्रश्नाला रुबिनस्टाइन यांनी दिलेल्या उत्तरात हे तिन्ही भाग होते. ते पूर्वीपेक्षा कमी रचना वाजवत. त्या रचनांचा सराव अधिक करत. आणि द्रुत भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, त्यामुळे पुढचा भाग प्रत्यक्षापेक्षा वेगवान भासे.

या तिन्हींपैकी निवड हीच जिव्हारी लागते, कारण एक गोष्ट निवडणे म्हणजे दुसरी सोडणे. दररोज दोन तासच भरवशाचे मिळत असतील, तर ते घरकामाला द्यावेत की मुलांसोबत घालवावेत, हा हिशेब कोणताही तज्ज्ञ करून देऊ शकत नाही. अनेक जण आधी कर्तव्याची कामे उरकून उरलेली शक्ती आवडीला ठेवतात, आणि उरत काहीच नाही. निदान आठवड्यातले काही बरे तास आवडीच्या कामासाठी आधीच राखून ठेवावेत असे मला वाटते. ते चैनीत मोडत नाही, कारण सावरण्याची इच्छा त्या तासांवरच तगते.

भरपाईच्या साधनांबाबत मनात फार अढी असते. काठी, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र किंवा जिन्याचा कठडा स्वीकारणे म्हणजे हार मानणे, असे अनेकांना वाटते आणि मग ते घराबाहेर पडणेच सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात अक्षमता ही केवळ शरीरात नसते; ती शरीर आणि परिसर यांच्यातील संबंधातून घडते, असे मानले आहे. पाय तेच असले तरी लिफ्ट असलेल्या इमारतीत माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाऊ शकतो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत जाऊ शकत नाही. असे पाहिले तर काठी हा आपल्या परिसरातला एक बदल ठरतो. चष्म्याला आपण हार समजत नाही, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे.

स्मरण, भीती आणि न संपणारे दुःख

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्यांना शरीर, बुद्धी आणि मन या तिन्ही पातळ्यांवर दीर्घकाळ त्रास होऊ शकतो, हे एकत्रितपणे ओळखले जाऊन त्याला 'अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह' असे नाव मिळाले ते २०१० नंतरच. शब्द न आठवणे, एका वेळी दोन गोष्टी न सांभाळता येणे, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागणे, या तक्रारी केमोथेरपीनंतर आणि पक्षाघातानंतरही आढळतात. अशा वेळी स्मरणशक्तीवर जोर देण्यापेक्षा ती बाहेर काढून ठेवणे श्रेयस्कर: औषधांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी, एकच वही, एकच जागा, फोनमधला गजर आणि एका वेळी एकच काम. गुंतागुंतीचे निर्णय दिवसाच्या ज्या प्रहरी डोके ताजे असते त्या प्रहरी घ्यावेत. अतिदक्षता विभागातील काळाच्या तुटक, कधी कधी भयंकर आठवणी राहिल्या असतील तर तेथे खरोखर काय घडले याची नातेवाइकांनी किंवा परिचारिकांनी लिहिलेली रोजनिशी पुष्कळांना उपयोगी पडते. काही देशांत अशी रोजनिशी ठेवण्याची पद्धतच आहे.

मनाचा त्रास विरळा नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे पाचांपैकी एकाला आणि पक्षाघातानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येते. ते आजाराला दिलेली "साहजिक प्रतिक्रिया" समजून दुर्लक्षिले जाते, आणि त्यामुळे व्यायाम, औषधे आणि आहार यांच्यातही टाळाटाळ सुरू होते. कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण इतरांना ओझे झालो आहोत असे वाटत राहणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर त्यावर उपचार घ्यावेत. आपण जगायला नको असे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे.

दुःखाचे पाच टप्पे असतात आणि शेवटी स्वीकार येतो, असे पुष्कळदा ऐकवले जाते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या समीप असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. जो जगला आहे आणि ज्याला पुढची वीस वर्षे बदललेल्या शरीरासह काढायची आहेत, त्याच्यासाठी ते नव्हते. त्याचे दुःख पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत नाही. ते निमित्ताने परत येते: जुना मित्र धावण्याच्या शर्यतीचे छायाचित्र पाठवतो तेव्हा, किंवा दर वर्षीचा प्रवास या वर्षी रद्द होतो तेव्हा. सहा महिन्यांपूर्वी स्वीकारलेली गोष्ट आज पुन्हा टोचली, तर मागे गेलो असे समजण्याचे कारण नाही.

आजार उलटण्याची भीती हा वेगळा विषय. तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते आणि अहवाल आल्यावर ओसरते, हा तिचा ठरलेला चढउतार बहुतेकांच्या परिचयाचा असतो. कोणती लक्षणे दिसली तर कळवायचे आणि कोणती सोडून द्यायची, याची लेखी यादी डॉक्टरांकडून घेतली तर प्रत्येक दुखऱ्या स्नायूचा अर्थ रात्री जागून लावत बसावे लागत नाही.

घरातली माणसे

आजारपणात घरातल्या कामांची वाटणी बदलते आणि सावरण्याच्या काळात ती परत बदलणे हे सगळ्यांत नाजूक काम असते. "तुम्ही बसा, मी करतो" हे वाक्य पहिल्या महिन्यात मायेचे असते. सहाव्या महिन्यात तेच वाक्य माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून टाकते. उलट टोकही असते. बाहेरून सगळे ठीक दिसत असल्याने "आता किती दिवस?" असा न बोललेला प्रश्न नजरेत दिसू लागतो. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो म्हणजे मोघम बोलणे टाळणे. "मला मदत लागेल" यातून काही कळत नाही. "कपडे मी घड्या करून ठेवीन, पण बादली उचलायची नाही" यातून कळते. काळजी घेणाऱ्याचीही झोप, पाठ आणि मनःस्थिती खालावलेली असते, आणि त्याला कोणी विचारत नाही. आठवड्यातले ठराविक तास त्याला मोकळे मिळतील अशी सोय दुसऱ्या नातेवाइकाने किंवा मित्राने करावी.

पती-पत्नींमधील शारीरिक जवळीक हा विषय तपासणीच्या खोलीत फारसा निघत नाही आणि मनातल्या मनात भीतीने सोडून दिला जातो. हृदयविकारानंतर, जो रुग्ण जलद चालणे किंवा दोन जिने चढणे एवढे श्रम छातीत न दुखता आणि फार दम न लागता पेलतो, त्याला सामान्यतः समागमाचा धोका कमी असतो. आपल्या बाबतीत तो कधी सुरक्षित, हे डॉक्टरांना सरळ विचारता येते, आणि विचारावे.

नोकरीवर परतताना तासांइतकाच कामाच्या जातीचा विचार करावा लागतो. आठ तासांऐवजी चार तास, पण त्या चार तासांत सलग बैठका, ही सवलत नव्हेच. प्रवासाचा शीण, गोंगाट, मध्ये पाठ टेकण्याची सोय आणि वाढवत न्यायच्या तासांच्या तारखा हे सगळे आधी लिहून ठरवलेले बरे, म्हणजे प्रत्येक आठवड्याला नव्याने विनंती करावी लागत नाही.

मोजपट्टी बदलते तेव्हा

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल ब्युरी यांनी १९८२ मध्ये दीर्घ आजाराला 'चरित्रातला खंड' म्हटले. माणूस मनात स्वतःच्या आयुष्याची एक कथा धरून चालत असतो, पुढची प्रकरणेही त्याने ढोबळपणे ठरवलेली असतात. आजार त्या कथेचा धागा तोडतो. "पूर्वीसारखे व्हायचे आहे" हे ध्येय त्या तुटलेल्या कथेतून आलेले असते आणि सुरुवातीच्या काळात ते बळही देते. पण रोजची प्रगती पूर्वीच्या माणसाशी ताडून पाहिली तर प्रत्येक दिवस तोट्याचाच दिसतो, आणि तीन आठवड्यांपूर्वी दहा पायऱ्यांवर थांबणारा माणूस आज अठरा पायऱ्या चढतो ही गोष्ट कोणाच्या नोंदीतच येत नाही.

संशोधकांच्या लक्षात आलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गंभीर अक्षमता असलेल्या व्यक्तींना आपल्या जीवनाची प्रत कशी वाटते हे विचारले असता, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी ती चांगली किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडे वाटते. त्याचा एक उलगडा असा की काळानुसार माणूस आपली मोजपट्टीच बदलतो: कशाला चांगला दिवस म्हणायचे, कोणत्या गोष्टींना महत्त्व द्यायचे, हे आतून पुन्हा ठरते. ही घडामोड हुकमी आणता येत नाही. आजाराने मला चांगला माणूस बनवले, असे काहींना मनापासून वाटते. पण तशी अपेक्षा दुसऱ्याकडून करणे, म्हणजे ज्याने इतके सोसले त्याच्याकडून वर धडाही मागणे, हे मला क्रूरपणाचे वाटते.

यात वैद्यकाचा वाटा काय, हे पुढच्या भेटीत ठरते. तेथेही पहिला प्रश्न "कसे आहात?" हाच असतो, आणि सवयीने "बरे आहे" एवढे उत्तर देऊन माणूस बाहेर येतो. त्याऐवजी वही उघडून सांगता येते: अठराव्या पायरीनंतर थांबावे लागते, दुपारी दोननंतर वाचलेले लक्षात राहत नाही, पाहुणे आल्याच्या दुसऱ्या दिवशी उठवत नाही, औषधाची सकाळची गोळी घेतल्यावर दोन तास चक्कर येते, रस्ता ओलांडण्याची भीती अजून गेलेली नाही. यांतल्या गोळीची वेळ बदलता येईल, पायऱ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवता येईल, भीतीसाठी समुपदेशक सुचवता येईल. दुपारी दोननंतरच्या विस्मरणावर कदाचित काही औषध नसेल, आणि मग वाचायचे ते सकाळी वाचायचे.